भांड्यातल्या दोन रेघा

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात एकतीस वर्षे यंत्रांच्या तेलपातळीवर दृष्टी ठेवून निवृत्त झालेले सावळीराम आबा आमच्या वसाहतीचे भूषण आहेत, असे लिहिताना मी शेजारधर्माची अतिशयोक्ती करीत नाही. निरीक्षण हीही एक तपश्चर्याच होय. यंत्र बिघडण्यापूर्वी त्याची पातळी बदलते, हे आबांचे नोकरीतले सूत्र. निवृत्तीनंतर त्यांनी ते श्वानांना लावले. कोणी कुत्रे पाळले की आबा खिळा आणि हातोडी घेऊन त्या घरी जातात आणि कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात दोन रेघा कोरून देतात. सकाळी वरच्या रेघेपर्यंत भरायचे, संध्याकाळी कुठवर उतरले ते पाहायचे.

"आबा, कुत्र्याला मीटर बसवता होय?" शेजारच्या प्रफुल्लने एकदा टोमणा मारला होता.

"तुलाही बसवला असता. पण तू पाणी पितोस कुठं?" आबा म्हणाले आणि प्रफुल्लच्या शेरूचे भांडे कोरून मोकळे झाले.

गेल्या फाल्गुनातील एका दुपारी त्याच प्रफुल्लच्या दारात रिक्षा उभी होती आणि त्याच्या हातात गोणपाट होते. पाच वर्षे मांडीवर झोपलेला शेरू त्याच्या मुलीला, नऊ वर्षांच्या हर्षालीला चावला होता. तिने पोटाशी कवटाळताच त्याने तिचा हात धरला होता.

"पिसाळलाय, आबा. मोहदरी घाटाखाली सोडून येतो."

आबांनी आधी मुलीकडे पाहिले आणि ते तिच्या आईला म्हणाले, "संजना, हात नळाखाली धर हिचा. साबण लाव. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग दवाखान्यात नेऊन लस." मग ते शेरूच्या भांड्याशी बसले. पाणी खालच्या रेघेच्याही खाली गेले होते.

"कितीदा भरलं?"

"सकाळपासून तीनदा," संजना नळापाशी मुलीचा हात धरूनच म्हणाली.

"पिसाळलेल्या कुत्र्याला घोट गिळवत नाही, ग. ह्यानं तीन भांडी रिकामी केली. आणि लघवी?"

संजना गोंधळली. "कालपासून... केलेली दिसली नाही."

कोपऱ्यात ओकारी पडली होती. आबांनी काडीने ती उलगडली. आत काळपट साली होत्या.

"द्राक्षं कोणी चारली?"

हर्षालीला हुंदका फुटला. "मी. मामानं दिंडोरीहून पेटी आणली ना. त्याला लय आवडली, आबा."

आमच्या या द्राक्षभूमीत पाहुण्याचे स्वागत घोसाने होते. मग घरच्या लाडक्या प्राण्याने काय पाप केले? प्रेमाच्या त्या घासाने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, ही शंकाही येथे कोणाच्या मनाला शिवत नाही. आबांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको. बारा वर्षांमागं माझ्या कुत्र्याला, पाखऱ्याला, मीच घोस भरवले होते. गेला तो. तेव्हा त्याच्या भांड्यात रेघा नव्हत्या. ह्याचं पोट दुखतंय, तू दाबलंस, म्हणून चावला. मनात राग नाही त्याच्या."

ते रिक्षाकडे वळले. "घाट राहू दे. जनावरांच्या डॉक्टरकडं चल. संजना, तू पोरीला घेऊन लसीला जा."

"आबा, नाही वाचला तर?" प्रफुल्लच्या हातातले गोणपाट गळून पडले होते.

"तर आपल्या दारातून जाईल. घाटातून नाही."

तीन दिवस शेरूला सलाईन लागली. डॉक्टरांनी सांगितले, "आणखी एक दिवस गेला असता तर माझ्या हातात काही नव्हतं. ओकारीतल्या साली कोणी ओळखल्या?" प्रफुल्लने आबांकडे बोट दाखवले, ते मात्र पाठमोरे होऊन औषधांची कपाटे न्याहाळत होते.

चौथ्या दिवशी सकाळी शेरू अशक्त पावलांनी अंगणात उतरला, आबांच्या सायकलीपाशी थांबला, त्याने तंगडी वर केली आणि चाक यथेच्छ भिजवले.

"संच चालू झाला!" वीजकेंद्रातले बंद यंत्र पुन्हा सुरू झाल्यासारखे आबा इतक्या मोठ्याने ओरडले की दोन गल्ल्यांतली माणसे बाहेर आली. निवृत्तीच्या सत्कारातही मी त्यांना असे ताठ मानेने उभे राहिलेले पाहिले नव्हते.

त्या सायंकाळी पलीकडच्या घरी नवे पिल्लू आले. रेघा कोरायला आबा गेले नाहीत. उजव्या हाताला पट्टी बांधलेल्या हर्षालीने डाव्या हातात खिळा धरला होता आणि प्रफुल्ल हातोडी चालवीत होता. आबा दारात बसून पाहत होते, आणि सायकलीचे चाक त्यांनी अद्याप धुतले नव्हते.