झोपेतलं सकाळी सांगायचं नाही

झोपेत कोण काय बोललं ते सकाळी सांगायचं नाही, हा आमच्या बदलापूरच्या घरातला नियम. का? "का म्हणून विचारायचं नाही!" इति आत्या. मी लहानपणापासून झोपेत बोलते, त्यामुळे किस्से साठतच गेले. आणि न सांगितलेले किस्से फार जागा अडवतात.

*

उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मी ऑर्डरी घेते. एकदा झोपेत म्हणाले, "कमर बत्तीस, रंग काळा, उद्या नक्की घेऊन येते!"

संध्याकाळी घरी आले तर आईने ढीगभर पोळ्या लाटलेल्या.

"कोण येतंय?"

आई लाजत म्हणाली, "आत्या सांगत होती, मुलगा काळा आहे, पण अंगाने बारीक."

म्हणजे नियम फक्त मलाच!

*

कॉलेजचा कॅम्प बारवी धरणाजवळच्या पाड्यावर होता. पहाटे मी झोपेत ओरडले, "उठा, पाणी आलं!"

अख्ख्या हॉलमधल्या पोरी बादल्या घेऊन पळाल्या. तेही धरणाच्या काठावर राहून! आम्हा टंचाईवाल्यांना ही हाक झोपेतही बरोबर कळते.

*

आत्याने वांगणीहून खास विळा आणून माझ्या उशीखाली ठेवला. सकाळी एकदम खूश! "बघ, रात्रभर एक शब्द नाही."

"आत्या, कान कापेल म्हणून मी झोपलेच नाही. बोलणार कुठून?"

*

मागच्या रविवारी मला बघायला मंडळी आली. आईने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "ते झोपेचं काढू नकोस. जमत आलेलं मोडेल."

पोहे आले. आत्या मुलाच्या आईला म्हणाली, "आमची पोर फार शांत हो. झोपेतसुद्धा हूं की चूं नाही."

"मी झोपेत बोलते," मी म्हटलं. "जोरात. लग्नानंतरही बोलणार. लपवून मला लग्न करायचं नाही."

बाबा खोकले. आत्या कसनुसं हसली. "काहीतरीच! आमच्या घरात नाही हो कोणी तसं."

"आत्या, परवा दुपारी तू झोपली होतीस. मला वाटलं मलाच विचारतेयस. म्हणालीस, 'सगळ्यांचं झालं ना? आता मी जेवू का?'"

आत्या उठून पाण्याचे पेले भरू लागली.

मुलाच्या आईने हातातली पोह्यांची प्लेट हळूच खाली ठेवली आणि आत्याला विचारलं, "तुम्ही घेतले का पोहे?"