चिमणाबाईच्या घरी पाकिटाचं दूध

जिच्या दारात दोन म्हशी रवंथ करत बसल्यात, तिच्याच फ्रीजमध्ये दुधाचं पाकीट निघावं? चिमणाबाईनं ते दोन बोटांत धरून बाहेर काढलं, उंदीर धरावा तसं, आणि सुनेला हाक मारली.

"अनुजा! ह्ये काय हाय?"

"दूध आहे, आई."

"त्ये दिसतंय मला. आपल्या घरात कशाला आलं, त्ये इचारतोय मी!"

चिमणाबाई कोण, ते कसबा बावड्यात कुणालाही विचारा. सत्तावीस वर्षं झाली, रोज संध्याकाळी ही बाई राधी आणि हरणी या आपल्या म्हशी घेऊन दुधाच्या कट्ट्यावर येते. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, ती ग्लास कासेखाली धरते, आणि फेसाळ धार थेट ग्लासात पडते. किटली नाही, गाळणं नाही, चूल नाही. कोमट दूध घटाघट प्यायचं, ओठाचा फेस पुसायचा आणि घरी जायचं. "हिच्या ग्लासात पाण्याचा थेंब सापडला तर मिशी उतरवीन," असं तिचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, गणपतराव, नव्या पावण्याला बजावून सांगायचे. नवरा गेल्यावर याच धारेवर तिनं पोराला, ऋतुराजला, वाढवलं, उचगावच्या कारखान्यात नोकरीला लावलं आणि त्याचं लग्न केलं. दूध उकळलं की त्यातला जीव जातो, हे तिचं ठाम मत. आणि त्या घरात आता पाकीट!

पण अनुजाचंही खोटं नव्हतं. वर्षापूर्वी तिला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. आता पुन्हा पाचवा लागला होता आणि पोरीच्या जिवाला नुसता घोर. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, तसं झालं होतं. प्रत्येक घास आधी नाकाशी न्यायचा, हुंगायचा, मग तोंडात. कोथिंबीर तीनदा धुवायची. मटकीला मोड दिसले की मागं सरायचं. शेजारणीनं प्रेमानं दिलेली पुरणपोळी "कधीची असेल कुणास ठाऊक" म्हणून ठेवून द्यायची. त्यात शेजारच्या जोतीरामची म्हैस श्रावणात गाभडली, दिवस भरायच्या आधीच तिचं रेडकू गेलं, आणि अनुजानं मोबाईलवर काय वाचलं देव जाणे, घरच्या दुधाला हात लावणंच सोडलं. वजन वाढायचं तर दीड किलो उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ जरा बारीक आहे, खायला हवं.

चिमणाबाईचा जीव टांगणीला लागला. तिलाही ते नातवंड हवंच होतं की. मागल्या वेळी दवाखान्यातून परत येताना अनुजा रिक्षात एक शब्द बोलली नव्हती, नुसती सासूचा पदर मुठीत धरून बसली होती. ती मूठ चिमणाबाई विसरली नव्हती. पोरगी अशी वाळत चाललेली बघवेना, आणि समजवायला गेलं की ऐकेना.

मग बाईनं आपल्या डोक्यानं उपाय काढला.

पाकिटाचं दूध उकळायला लागत नाही, असं ऋतुराज एकदा बोलून गेला होता. म्हणजे पोरगी ते तसंच पीत असणार! दुसऱ्या दिवशी सून उठायच्या आत चिमणाबाईनं पाकीट फोडलं, सगळं दूध हरणीच्या आंबोणाच्या घमेल्यात ओतलं आणि पातेल्यात राधीची ताजी धार भरून ठेवली. दूध फार दाट दिसायला लागलं. सुनेच्या ध्यानात येईल म्हणून तिनं तांब्याभर पाणी आणलं, आणि हात थबकला. सत्तावीस वर्षांत जे केलं नाही ते करायची पाळी आली होती. "माफ कर गं बाई," असं गोठ्याकडं बघून म्हणाली आणि पातेल्यात पाणी घातलं. फोडलेलं पाकीट मोरीपाशी दिसेल असं ठेवलं आणि शेण काढायला निघून गेली.

असे पंधरा दिवस गेले. हरणी पाकिटाचं दूध चाटूनपुसून खात होती आणि अनुजाच्या गालांवर जरा तरतरी दिसायला लागली होती. चिमणाबाई मनातल्या मनात खूश. तपासणीच्या दिवशी ती मुद्दाम सुनेबरोबर दवाखान्यात गेली. काट्यावर वजन भरलं सव्वा किलो जास्त!

"छान," डॉक्टर पूर्णिमा म्हणाल्या. "काय खाणं वाढवलंत?"

"काही नाही, मॅडम. दूध पितेय. पाकिटाचं."

आता गप्प बसेल ती चिमणाबाई कसली! "कशाचं पाकीट घिऊन बसलीस! पंधरा दीस माझ्या राधीचं पितीस तू. कासंतलं, ताजं! पाकीट हरणी खातीया!" असं म्हणून ती खुर्चीत ऐसपैस टेकली, शाबासकीची वाट बघत.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कच्चं दूध, मावशी?"

"कच्चंच की. त्यातच ताकद असती."

"शेजारच्या म्हशी ठीक आहेत ना सगळ्या?"

"जोतीरामची तेवढी गाभडली. बाकी..." चिमणाबाईचं वाक्य तिथंच अडकलं.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. साध्या भाषेत सांगितलं. म्हशी गाभडायचा एक रोग असतो. वरनं धडधाकट दिसणाऱ्या म्हशीच्या दुधातही त्याचे जंतू येऊ शकतात, आणि पोटुशी बाईला त्याचा धोका असतो. उकळलं की ते मरतात. कच्चं मात्र नाही.

जोतीरामची म्हैस आणि राधी एकाच हौदावर पाणी पितात. चिमणाबाई खुर्चीत पुढं सरकली. आणि मग तिला दुसरंच आठवलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं.

"बाई," ती कशीबशी म्हणाली, "मागल्या बारीला... तवा तर रोज सांजच्याला माझ्या हातानं ग्लास दिलाय हिला. मीच मारलं की काय वो त्याला?"

डॉक्टर उठून तिच्याजवळ आल्या. "नाही, मावशी. इतक्या लवकर गेलेलं बाळ बहुतेक वेळा मुळात नीट धरलेलंच नसतं. तुमच्या ग्लासावर आळ घ्यायला काहीच आधार नाही. मागचं सोडा. आत्ताचं बघू. अनुजा, ते दूध कसं प्यालीस तू?"

अनुजा मान खाली घालून बसली होती. चिमणाबाईला वाटलं, आता ही आपलं तोंड बघणार नाही. बघू नयेच.

"तीन उकळ्या देऊन," अनुजा हळूच म्हणाली.

"काय?"

"पाकिटाचं असलं तरी मला भरवसा वाटत नव्हता. एक उकळी आली की गार करायचं, परत उकळायचं. असं तीनदा. रोज." तिनं सासूकडं पाहिलं. "आई, तुम्ही म्हणायचात ना, घरात करपल्याचा वास येतोय, पातेल्याला डाग पडलेत."

अगं बाई! त्या काळ्या पातेल्यावरून, चहा करपवतेस म्हणून, चिमणाबाईनं सुनेला काय काय सुनावलं होतं. आता ती दवाखान्यात, चारचौघांत, तोंडात पदर कोंबून रडायला लागली. आधी अनुजा घाबरली, मग हसली, मग तीही रडली. डॉक्टर म्हणाल्या, एक चांगली उकळी पुरे होती. पण या खेपेला दोन जास्तीच्यांबद्दल माझी तक्रार नाही. सुनेचं रक्त तपासायला घेतलं आणि दोन्ही म्हशींचं तपासून घ्यायला सांगितलं. शिवाय अनुजाला दटावलं : शिजवलेली मटकी खा, गरम भाकरी खा, अंडं पुरतं उकडून खा. भीती खाऊन बाळ वाढत नाही.

रिपोर्ट येईपर्यंतचे दहा दिवस चिमणाबाई कट्ट्यावर गेली नाही. गिऱ्हाइकं चौकशी करून दमली. अकराव्या दिवशी सुनेचं आणि दोन्ही म्हशींचं सगळं ठीक असल्याचं कळलं, तेव्हा तिनं आधी राधीच्या गळ्याला मिठी मारली आणि मग म्हशी सोडल्या.

त्याच संध्याकाळी एक तरणा पावणा बायकोला घेऊन कट्ट्यावर आला. पोरीचं पोट चांगलं दिसत होतं. "मावशी, हिला एक ताज्या धारंचा ग्लास द्या. मोठा!"

"तू पी. तिला न्हाय."

"का वो?"

"घरी न्या, खळाखळा उकळा, मग पाजा. हितं पोटुशीला कच्चं मिळणार न्हाय."

गणपतराव ग्लास हातात धरून बघतच राहिले. "चिमणाबाई, असं बोलायला लागलीस तर धंदा बसंल की!"

"बसू दे. मागून पिठाची गिरणी घालतो," ती म्हणाली आणि शेजारच्या टपरीवरून किटली मागून आणून त्या पोरीला ती भरून दूध दिलं. पैसे घेतले, सोडती काय!

घरी आल्यावर तिनं स्वतः गॅसपाशी उभं राहून राधीचं दूध तापवलं. फ्रीज उघडून बघितला. पाकीट नव्हतं.

अनुजा दारात येऊन थांबली. "आई, उकळलं?"

"तीनदा."

"मॅडम एकदाच म्हणाल्या होत्या."

"म्हणू देत."

चिमणाबाईनं ग्लास पुढं केला. अनुजानं तो घेतला आणि न हुंगता सगळा पिऊन टाकला.