ताकातले चार बोल्ट

आमच्या दाजींना बंद वस्तू बघवत नाही. रेडिओ, शिवणयंत्र, भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्यांनी एकदा तरी उघडलंय, आणि जोडल्यावर एखादा स्क्रू हमखास उरलाय. तातेराव मास्तर म्हणून आष्टीत त्यांना मान आहे. पण मी पडले मेहुणी, माझ्यावर तशी सक्ती नाही.

१९७६ साली मला शिक्षिकेची ऑर्डर आली. अंतरवाली सराटीची शाळा, सोमवारी सकाळी दहाच्या आत हजर, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आमच्या अख्ख्या घराण्यात पगार घेणारी मी पहिली बाई. आनंदाने घास गिळवत नव्हता. आदल्या रात्री तिथे उतरायला ओळखीचं कुणी नव्हतं आणि सकाळच्या एसटीने वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून दाजी मला त्यांच्या जुन्या राजदूत मोटरसायकलवरून सोडणार होते. गाडीला मागे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या होत्या. एकीत माझे कपडे, दुसरीत पुस्तकं, असं ठरलं.

रविवारी सकाळी दाजींच्या मनाने घेतलं, की नव्या बाई गंजक्या पेट्या घेऊन गावात शिरणार नाहीत. पेट्या निळ्या रंगवायच्या! अंगणात पोतं अंथरलं गेलं. झाकणं, बिजागऱ्या, कड्या, पट्ट्या भराभर सुटू लागल्या. मलाही चेव चढला. पॉलिश पेपर घेऊन मी पत्रा घासायला बसले. पेट्यांचा सांगाडा ज्या चार बोल्टांवर होता, त्यांच्यावरच मागच्या चाकाचे धक्के झेलणारे शॉकअपही बसवलेले. तेही निघाले, आणि गाडी जागेवरून हलण्याजोगी राहिली नाही.

बोल्ट गंजलेले होते. घरात रॉकेल नव्हतं, म्हणून दाजींच्या आईने, चांगुणाबाईंनी, ते आंबट ताकाच्या तांब्यात टाकून वर झाकण ठेवलं.

तेवढ्यात मागच्या काटेरी कुपाटीशी सोनूबाई आल्या. कारभारी पाटलांच्या या मालकीणबाई. एके काळी चांगुणाबाई त्यांच्या दारापासून लांब उभं राहून ताक मागायच्या, आणि ते वरून ओतलं जायचं. आता पाटलांची म्हैस आटली होती आणि आमची दुभती होती, म्हणून सोनूबाई इकडेतिकडे बघत ताकाला यायच्या. ताक मागणाऱ्याला परत पाठवायचं नाही, हा चांगुणाबाईंचा नियम. मी घाईत दिसला तो तांब्या उचलला, झाकणासकट त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा घासायला पळाले.

दुपारी पेट्या निळ्याशार झाल्या. दाजींनी बोल्ट मागितले, आणि तांब्या कुणाच्या हाती गेला ते मला आठवलं.

परतूरचं स्पेअरपार्टचं दुकान रविवारी बंद. दाजी चपला घालून पाटलांकडे निघाले, तर चांगुणाबाई आडव्या आल्या.

"जाऊ नको. ती आपलं ताक नेती हे तिच्या घरात म्हाईत न्हाई. तिला लई ऐकावं लागंल."

"आन हिची नोकरी?"

चांगुणाबाई वाटेतून हलल्या नाहीत. पाटलांच्या बाईची एवढी काळजी कशाला, असा मला संताप आला, आणि सगळं माझ्याच हातून झालं म्हणून रडूही आलं. दाजी चपला काढून, पान्हा घेऊन परत गाडीशी जाऊन बसले.

ऊन उतरलं तेव्हा सोनूबाई आल्या. मागून नाही, समोरच्या गल्लीने, डोक्यावर पदर घेऊन, तांब्या सगळ्यांना दिसेल असा हातात धरून. पारावरचे लोक वळून बघू लागले.

"चांगुणाबाई," त्या म्हणाल्या, "पोरीला उद्या जायचंय न्हवं? मास्तरांना म्हणावं, हे बराबर लावा."

आजवर त्या 'चांगुणे' म्हणायच्या. तांब्यात पुसून तेल लावलेले चार बोल्ट होते, आणि वर गुळाचा खडा. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं.

चांगुणाबाईंनी गोधडी अंथरली. "आत या," म्हणाल्या. सोनूबाई आत आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. बाहेर दाजी बोल्ट आवळत होते आणि डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून तोंड फिरवून बसले होते. माझे डोळे मात्र उघड वाहत होते.

सोमवारी पावणेदहाला मी मस्टरवर सही केली. ओल्या रंगाने पांढरी साडी निळी झाली होती. त्यानंतर दाजींनी त्या पेट्या कितीदा तरी खोलल्या. मी त्यांना एकदाही हसले नाही.