मिठूचं पथ्य

लूमच्या खडखडाटात शेजारणीचंही बोलणं ऐकू यायचं नाही. त्यामुळे सगळ्या गप्पा चहाच्या सुट्टीपर्यंत तुंबायच्या! भिवंडीच्या त्या कारखान्यात मी दहा वर्षं सुताच्या कांड्या भरल्या, आणि तिथले निम्मे किस्से एकट्या मिठूचे. मिठू म्हणजे आमच्या मुकादम दत्तूकाकांचा पोपट. पिंजरा ऑफिसच्या खिडकीत.

•

काका जवळच्याच पूर्णा गावचे, भलते फटकळ. आम्हाला झापायचे, आणि मिठूला मात्र, "जेवलास का रं, बाला?"

दिवसपाळीला वाटायचं रातपाळीने उपाशी ठेवला, रातपाळीला वाटायचं दिवसपाळीने. शिफ्ट बदलली की मिठूचं नव्याने जेवण! तोही लबाड. कुणीही ड्युटीवर येवो, "भूक लगी!"

•

एकदा तो पिसं फुगवून बसला, काही खाईना. काकांचं तोंड एवढंसं झालं. पडघ्याहून गुरांचे डॉक्टर आणले.

"काय खातो?"

लूमवाले शकीलभाई अभिमानाने म्हणाले, "सब खाता है, डॉक्टरसाब! चाय, खारी, भजिया, सेव..."

"हा पोपट आहे की कामगार?"

चहा, मीठ, तळलेलं बंद. पेरू, मक्याचं कणीस, भिजवलेले हरभरे, धुतलेली पालेभाजी सुरू. "नाहीतर महिना काढणार नाही," डॉक्टर म्हणाले. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं हो.

•

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यावर पाटी लागली: 'याला बाहेरचं घालणाऱ्याचा खाडा धरला जाईल.'

पहिले सापडले ते खुद्द शेठ, हातात भजी!

काका म्हणाले, "शेठ, आज तुमचा पन खाडा!"

•

पण मिठू पेरूकडे ढुंकून बघेना. काकांच्या हातात चहाचा ग्लास दिसला की थयथयाट नुसता! शेवटी काकांनी स्वतःच चहा-भजी सोडली. पिंजऱ्यापुढे पेरू घेऊन बसायचे. एक घास स्वतः, एक मिठूला. काका खातात म्हटल्यावर तोही खायला लागला. पंधरा दिवसांत शिट्ट्या मारायला लागला, आणि काकांची पँट ढिली झाली.

•

काकांना साखरेचा आजार. पथ्य पाळा म्हणून काकींनी डोकं फोडून घेतलं होतं, पण हे ऐकतील तर शपथ! एक दिवस काकी पूर्ण्याहून थेट कारखान्यात आल्या. काकांकडे बघितलंही नाही. पिंजऱ्यापुढे मटारच्या शेंगा ठेवल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले.

"भावजी, वीस वरसं मी सांगून दमले, यांनी आयकला न्हाय. तुमचा आयकला. आता तेवढी बिडी पन सोडवा!"