पाँडिचेरीच्या पश्चिमेचा समुद्र

मुक्तावहिनींचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या ऑफिसात एका बेअरिंगच्या ड्रॉइंगमध्ये डोकं खुपसून बसलो होतो. फोन कानाला, नजर स्क्रीनवर. त्या म्हणाल्या, "भाऊजी, अवी गेला." आणि मी, इथल्या मीटिंगांमध्ये आठ वर्षं माना डोलावून जडलेल्या सवयीनं, म्हणालो, "गेनाऊ." म्हणजे बरोबर, अगदी बरोबर. त्याच हळूच पुढं म्हणाल्या, "पहाटे. झोपेतच." आयुष्यात मी मूर्खपणा काही कमी केलेला नाही, पण या एका शब्दाच्या आसपासही दुसरं काही फिरकत नाही. अवी असता तर त्यानं हा किस्सा अख्ख्या ड्रेस्डेनला ऐकवला असता, तोही माझ्यासमोर.

अविनाश माझा पुण्यातल्या हॉस्टेलचा रूममेट. चाळिशीला टेकल्यावर बरी चाललेली नोकरी सोडून तो बायको-मुलीसह ड्रेस्डेनला डॉक्टरेट करायला आला, आणि विषय काय, तर फ्रेंचांनी समुद्रापार बांधलेले किल्ले. जर्मनीत बसून फ्रेंचांचे किल्ले कसले अभ्यासतोस, असं मी छेडलं तर म्हणाला, जर्मनीत बसून तू मिसळ करतोसच ना. कॅनडातल्या लुईबूरच्या धुक्याबद्दल तो असा बोलायचा की मला थंडी वाजायची. सेनेगलच्या गोरे बेटाचा विषय निघाला की मात्र त्याचा आवाज खाली यायचा. जिथून माणसं विकली गेली तिथं नुसतं तटबंदीचं कौतुक करता येत नाही, म्हणायचा. पण त्याचा जीव अडकला होता पाँडिचेरीच्या किल्ल्यात. पाच बुरुजांचा, चांदणीसारखा. इंग्रजांनी तो असा पाडला की आज जागेवर काही नाही, उरले ते कागदावरचे नकाशे. नसलेल्या किल्ल्यात हा माणूस बिऱ्हाड करून होता.

गेल्या दिवाळीत, २०१६ साली, त्याच्या बाल्कनीत आम्ही तोच किल्ला केला. बाउमार्कटमधून, म्हणजे इथल्या घरबांधणी-बागकामाच्या दुकानातून, मातीची पोती आणली. अळीव शोधत मी आशियाई दुकानं पालथी घातली आणि शेवटी कळलं, ते कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात क्रेसे म्हणून मिळतं, जर्मन लोक ते पावाला लोणी लावून वर पेरतात. बुरुजांवर फ्रेंच शिपाई कुठून आणणार? पुण्याहून आलेले मावळेच पहाऱ्याला उभे केले. अवीनं बुरुज कोनमापकानं आखले. माझ्यासारख्या इंजिनिअराकडे त्यानं सगळ्यात सोपं काम दिलं: निळी रांगोळी घालून समुद्र करायचा. मी तो मन लावून केला, लाटांसकट, आणि घातला पश्चिमेला.

मी रत्नागिरीचा. समुद्र पश्चिमेलाच असतो हे मला कुणी शिकवावं लागलेलं नाही. अवी कंबरेवर हात ठेवून बघत राहिला, मग खाली बसून हसायला लागला. त्याची नऊ वर्षांची इरा धावत आली, तिलाही त्यानं दाखवलं. डोळे पुसत मला म्हणाला, "संज्या, पाँडिचेरीला समुद्र पूर्वेला असतो. जानेवारीत चल माझ्याबरोबर. समुद्रातून सूर्य वर येताना बघ एकदा, मग मर." मी हो म्हणालो. तिकिटंही काढली. डिसेंबरात कारखान्यात नवं मशीन बसायचं ठरलं आणि मी उरलाउब, म्हणजे मंजूर झालेली रजा, रद्द केली, म्हटलं एप्रिलमध्ये जाऊ, किल्ला कुठं पळून जातोय? तो म्हणाला, तो तर आधीच गेलाय रे... पण तुझ्याशिवाय मी जात नाही. ज्या आठवड्यात आम्ही तिथं असणार होतो, त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला. एकटा गेला असता तर निदान त्याला तो किनारा दिसला असता, हे मला रोज सकाळी आठवतं.

परवा ड्रेस्डेनला गेलो होतो. पुस्तकं खोक्यांत भरून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, बाल्कनीतलं तेवढं तुम्ही आवरा भाऊजी, माझ्यानं होत नाही. मी फावडं घेऊन दार उघडलं. किल्ला प्लॅस्टिकखाली झाकलेला होता. दिवाळी संपून तीन महिने झाले तरी अवीनं मोडला नव्हता. इरा माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. म्हणाली, पापा म्हणाले होते, संजूकाका खरा समुद्र बघून येईपर्यंत हे राहू दे.

मी प्लॅस्टिक काढलं. माझा समुद्र होता तसाच होता, फिका झालेला, पश्चिमेला. अवीनं तो दुरुस्त केला नव्हता. फक्त तटावरचे दोन मावळे उचलून पूर्वेच्या बुरुजावर शेजारी शेजारी ठेवले होते, माझ्या समुद्राकडे पाठ करून, तोंडं बाल्कनीच्या कोऱ्या सिमेंटकडे. एकाचा हात तुटलेला. तो मी असणार.

फावडं मी परत नेऊन ठेवलं. इराला म्हटलं, क्रेसेची पुडी आण. आम्ही दोघांनी ओल्या मातीवर ते पुन्हा पेरलं... मावळ्यांना धक्का न लावता.