पहिला वार आणणाऱ्याच्या पाठीवर

तलवारीला आमच्या साडभाऊंइतका भिणारा आणि तलवारीवर त्यांच्याइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा सापडायचा नाही. आणि अशा या माणसाच्या कपाटात माझ्या मालकीची एक तलवार काही वर्षांपासून कुलपात पडून आहे. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल चार शब्द बरे बोललो, तर मी ते विसरलो असा कोणाचा समज व्हायला नको.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांचं घराणं नागपूरकरांच्या फौजेबरोबर इकडे आलं, मी भंडाऱ्याहून तांदळाच्या ट्रकमध्ये बसून आलो. ते नव्या रायपुरातल्या मंत्रालयात टेबलामागे बसले आणि मी लोकांच्या स्कूटरच्या सीटा शिवत शिवत बूढापाऱ्यात फोम-रेक्झिनचं दुकान उभं केलं. मी जे काही मिळवलं ते भाव करून मिळवलं. सांगितलेल्या किमतीला वस्तू घेतली तर मला जेवण जात नाही. साडभाऊंना मात्र दुकानदाराचीच दया येते. मी दुकानदाराला घामाघूम करून शेवटच्या आकड्याशी आणलेला असतो, उठून पायरी उतरायचं नाटक चाललेलं असतं, आणि मागून हे पाकीट काढतात. "जाऊ द्या ना बाप्पा, बिचारा सांगून राहिला तर विचार करूनच सांगून राहिला असंल!" असा माणूस बरोबर असला की बाजारात माझं डोकंच फिरतं.

तलवारीचा नाद त्यांना मुलामुळे लागला. चित्रकथांमधल्या नाहीतर मोबाइलवरच्या खेळांमधल्या वीरांसारखा वेष करून मिरवायचं, याला हल्ली कॉस्प्ले म्हणतात. त्यांच्या मुलाला कॉलेजात असताना त्याचं वेड होतं. एकदा एका मित्राच्या लाकडी तलवारीचं टोक त्याच्या भुवईला लागलं, डोळा थोडक्यात वाचला. मुलाचं वेड पुढे नोकरीबरोबर ओसरलं आणि तो बंगलोरला गेला. बापाला मात्र लागलं ते लागलंच. ओळखीपाळखीतलं कोणतंही पोर असल्या कार्यक्रमाला निघालं, की त्याच्या हातात साडभाऊंचीच तलवार पाहिजे.

ती तलवार कशी? चपलेच्या तळव्याला असतो तसल्या दाट फोमचे पदर एकावर एक चिकटवलेले, आत प्लास्टिकची बारीक नळी, आणि ती नळी टोकाच्या चांगली अलीकडेच थांबलेली. लोखंड नाही, लाकूड नाही, बांबू तर नाहीच नाही. चिकटवायचं सोल्युशन लावताना ते घरातल्या सगळ्या खिडक्या उघडतात, तोंडाला रुमाल बांधतात आणि ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, अंगणात पाठवतात. टोक कसं असावं याचं त्यांचं मापही ठरलेलं आहे: मूगभज्यासारखं गोल. तयार झालं की ते टोक डोळे मिटून स्वतःच्या गालात खुपसतात. दुकानात नळी घ्यायला गेले तर आधी ती स्वतःच्या पोटरीवर मारून बघतात. पहिल्यांदा बघणारे दुकानदार घाबरतात, सवयीचे स्टूल देतात. आणि एवढी निरुपद्रवी वस्तू नव्या रायपूरला न्यायची असली, तरी बसमध्ये कोणी बिचकू नये म्हणून तिला चादरीत गुंडाळून मांडीवर आडवी घेऊन बसतात. जवळजवळ रिकाम्या बसमध्ये आजारी लेकराला घेऊन बसल्यासारखा हा माणूस बसलेला मी स्वतः पाहिला आहे. एका बाईनं विचारलं, "बुखार है क्या भैया?" साडभाऊ म्हणाले, "नहीं दीदी, रंग गीला है।"

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम निराळाच. तलवार जो आणेल किंवा बनवेल, तिचा पहिला वार त्यानं स्वतःच्या पाठीवर घ्यायचा. त्याशिवाय ती कोणाच्याही हातात जाणार नाही. त्यांच्या स्वतःच्या पाठीनं असे किती वार खाल्ले असतील देव जाणे. एखाद्या पोराची आई म्हणायची, "राहू द्या ना काका, चांगलीच असंल." तरी साडभाऊ तिच्यासमोर वाकून उभे. "मारा ताई, मनापासून मारा. लाजू नका." बायका लाजत लाजत मारत, आणि दुसऱ्यांदा मात्र मनापासून मारत.

माझी पोट्टी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे तिच्या अंगावर काटा. घरी आम्ही मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि परक्यांसमोर तेही नाही. त्या मुलीनं एक दिवस जेवताना सांगितलं, की दसऱ्याला नव्या रायपुरात कॉस्प्लेचा कार्यक्रम आहे आणि ती स्टेजवर जाणार आहे. राणीचा वेष स्वतः शिवला होता. फक्त तलवार हवी होती. बायकोनं माझ्याकडे बघितलं. दोघांच्याही मनात एकच, की ही आत्ता गेली तर गेली, नाहीतर जन्मभर दाराआडून बघत बसेल.

मी त्याच आठवड्यात अभनपूरच्या बाजारातून एका नाटकवाल्याकडची जुनी तलवार उचलून आणली. लाकडावर पत्रा ठोकलेला, मुठीवर पितळी मोर. काय भाव केला होता मी! तो माणूस शेवटी म्हणाला, "ले जाओ सेठ, पर दुबारा मत आना।" असं प्रशस्तिपत्र रोज मिळत नाही. घरी आणली तेव्हा साडभाऊ बसलेलेच होते. त्यांनी ती हातात घेतली, पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "वाका."

"काहून वाकू?"

"पहिला वार आणणाऱ्याच्या पाठीवर. नियम आहे."

माझं डोकं तापलं. "मारा! घ्या, मारा! भंडाऱ्याची पाठ आहे, तुमच्या मंत्रालयाची खुर्ची नाही!" म्हणत मी खरोखरच वाकलो. बायको भाजी चिरत होती. तिनं पुढ्यातलं कोहळं उचललं आणि माझ्या पाठीच्या जागी ओट्यावर ठेवलं. साडभाऊंनी वार केला, अगदी हलका. कोहळ्याची सरळ दोन शकलं झाली. बायको म्हणाली, "चला, माझं एक काम वाचलं."

पोट्टी हसली. सगळेच हसले. साडभाऊंनी तलवार चादरीत गुंडाळली, घरी नेली आणि त्यांच्या घराण्याच्या जुन्या तलवारीशेजारी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी परत मागितली तर म्हणाले, "टोक गोल झालं की देतो." पत्र्याचं टोक आपोआप गोल होतं काय? मी आजही म्हणतो, कोहळं नरम निघालं.

मग तिच्यासाठी ते फोमची तलवार बनवायला बसले. आता फोम म्हणजे माझा धंदा. मी दुकानातला उत्तम माल काढून दिला. त्यांनी तो चिमटीत दाबला. "हा गादीचा आहे साडभाऊ. तलवार उशीवानी लोळंल." आणि दुसऱ्याच्या दुकानातून, सांगितलेल्या किमतीत, फोम घेऊन आले! माझ्याच गल्लीतून, माझ्याच दुकानावरून, बगलेत गुंडाळी मारून गेले. वर हात हलवला.

तलवार झाली मात्र देखणी. लांबून खऱ्या पोलादाची वाटे. खंडेनवमीला त्यांच्या घरी शस्त्रं पुजतात, म्हणून तीही पाटावर मांडली. मध्ये घराण्याची तलवार. ती गंजून म्यानात अशी बसली आहे, की कोणाच्याही हयातीत बाहेर आलेली नाही. साडभाऊंच्या मते सुरक्षित तलवार कशी असावी याचा तो नमुना आहे. त्यांच्या घरची रीत अशी, की आरती झाल्यावर प्रत्येक शस्त्राचं टोक कापराच्या ज्योतीवरून फिरवायचं. साडभाऊंनी डोळे मिटून, भक्तिभावानं, म्यान फिरवलं. मग त्याच भक्तिभावानं पोट्टीची तलवार फिरवली.

आधी वास आला. डोळे उघडेपर्यंत भज्यासारखं गोल टोक पापडासारखं वळून काळं पडलं होतं.

कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी सकाळी. पोट्टी खोलीत गेली, शिवलेला वेष घडी करू लागली आणि म्हणाली, "रहने दो पापा। मैं नहीं जाऊँगी।" साडभाऊ पाटावरच बसून राहिले. साऱ्या शहराला तलवारीपासून वाचवणारा माणूस, आणि एक तलवार त्यांना स्वतःपासून वाचवता आली नाही. मला टोमणा मारायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नव्हता. चांगले दोन-तीन जिभेवर तयारही होते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते गिळले.

मी म्हणालो, "टोक कापा. चला दुकानात."

दुकानात वेगळीच अडचण. माझी कात्री, सुया, दाभण, सगळं झेंडूखाली पुजलेलं. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. मी घुटमळलो. बायकोनं हात जोडले आणि फुलांखालून दाभण उचलून माझ्या हातात दिला. "देवीलेही पोट्ट्या आवडतात," ती म्हणाली. मी माझ्याच गादीच्या, लोळणाऱ्या, नाकारलेल्या फोमचं नवं टोक कापून जळक्याच्या जागी बसवलं. टोकाला मऊच तर पाहिजे होतं! वर स्कूटरच्या सीटचं चंदेरी रेक्झिन चढवलं आणि असा टाका घातला की शिवण शोधून दाखवावी. साडभाऊ शेजारी बसून धागा ओवून देत होते आणि मिनिटामिनिटाला टोक गालात खुपसून बघत होते. शेवटी म्हणाले, "वा! माझ्यापेक्षा मऊ झालं." हे वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

आता पहिला वार. बनवणारे दोघं, तेव्हा आम्ही दोघंही वाकलो, दुकानाच्या मधोमध, शटर उघडं असताना. पोट्टीनं आधी तिच्या मौसाजींना, म्हणजे साडभाऊंना, हाणली, मग मला. रस्त्यावरचे स्कूटरवाले थांबून बघायला लागले. तिला बघ्यांचं भानच नव्हतं. ती पोट धरून हसत होती, आणि हसता हसता चक्क मराठीत ओरडली, "लागून राहिलं का, पप्पा?"

"नाही!" मी म्हणालो. "अजून मार!"

दुसऱ्या दिवशी ती स्टेजवर गेली. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. तिनं तलवार उगारली तर टोक डुगडुगलं. लोक हसले. मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण तीही हसली, आणि तिनं मुद्दामच पुन्हा डुगडुगवलं, मग गरकन फिरून अशी आरोळी ठोकली की हॉल दणाणला. बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळालं. साडभाऊ मात्र शेजारच्या अनोळखी माणसाला गदागदा हलवून सांगत होते, "टोक बघा, टोक! आमच्या साडभाऊंनी शिवलं!"

आता ती पुण्याला शिकते. वक्तृत्व स्पर्धांमध्ये भाग घेते म्हणे. साडभाऊ निवृत्त झाले, आणि परवा त्यांनी मला घरी बोलावलं. ते आणि ताई कायमचे मुलाकडे बंगलोरला निघाले होते. घरभर खोकी बांधलेली, कोपऱ्यात फोमच्या कातरणांचा ढीग. त्यांनी कपाट उघडलं आणि चादरीतून माझी मोराच्या मुठीची तलवार काढली. दर खंडेनवमीला थोडी थोडी ते ती पॉलिश पेपरनं घासत होते, मला न सांगता.

"घ्या, तुमची अमानत. आता वाकलात तरी चालंल."

मी टोक गालाला लावलं. मूगभज्यासारखं गोल. कडेवर बोट फिरवलं, रेशमासारखी. मी त्या खोक्यांकडे बघितलं, मग तलवार त्यांच्यापुढे धरली.

"टोचते."

"कुठं टोचते?" त्यांनी स्वतःच्या गालात खुपसून पाहिली. मग त्या खोक्यांकडे आणि माझ्याकडे बघितलं. जन्मात कोणाशी घासाघीस न केलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी थोडी करून पाहिली. "जरा तरी गोल झाली असंल ना?"

"टोचते म्हणलं ना. अजून घासा."

"मग दसऱ्याले इथं यावं लागंल मले."

"हव," मी मान हलवली. "या."

त्यांनी ती पुन्हा चादरीत गुंडाळली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. बाकी सगळं घर बांधून झालं होतं, ते कपाट मात्र इथंच राहणार होतं. तलवार अजून त्यांच्याकडेच आहे. ती माझी आहे, आणि मी ती सोडणार नाही.