भिंतीवरचा कीबोर्ड

बोदवडजवळच्या आमच्या शाळेत मी आयसीटी शिकवते, म्हणजे खडूने शिकवते. संगणक आहेत, चांगले खोलीभर आहेत. पण ते मुख्याध्यापकांच्या कुलपात. मुलांनी हात लावला तर बिघडतील, खिडकी उघडली तर धूळ बसेल, ही सरांची काळजी. दसऱ्याला तेवढी खोली उघडते. संगणकांना हळदकुंकू लागतं, झेंडूची फुलं वाहतात आणि पुन्हा कुलूप. घरातल्या देवांना रोज आंघोळ तरी मिळते.

मी फारच भुणभुण लावली, तेव्हा सरांनी तोडगा काढला. व्हरांड्याच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून भलामोठा कीबोर्ड काढून घेतला. रंगारी शिस्तीचा माणूस. त्याने ए, बी, सी, डी अशी अक्षरं ओळीने मांडली. मी म्हटलं, "सर, कीबोर्डवर अक्षरं अशी नसतात."

सर भिंतीकडे कौतुकाने बघत म्हणाले, "मॅडम, उलट हे सुधारलेलं आहे. पोरांना सापडायला सोपं."

प्रार्थनेनंतर रोज या भिंतीवर टायपिंगचा सराव सुरू झाला. वर्गात मी फळ्यावर खरा क्रम काढायची, पोरं तो वहीत उतरवायची. पण सवय लागते बोटांना, आणि बोटं होती भिंतीवर. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दहावीतली एक मुलगी त्यात फारच तरबेज झाली. डोळे मिटून भिंतीवर स्वतःचं नाव झरझर टाइप करायची. तिला भुसावळला कंप्युटरचा डिप्लोमा करायचा होता. बापाने अट घातली होती, "तपासणीले येणाऱ्या साहेबासमोर कंपुटर चालवून दाखव, मंग तुले भुसावळले धाडतो. नाहीतर दहावी झाली का बस घरी."

तपासणीच्या दिवशी कुलूप निघालं, दारात रांगोळी पडली, संगणकांना पुन्हा झेंडूची फुलं वाहिली, साहेबांनीसुद्धा बूट बाहेर काढले. बाप धुवट टोपी घालून मागे उभा राहिला. मुलगी खुर्चीवर बसली, मान ताठ ठेवली आणि साहेबांकडे बघत तिने झपाझप नाव टाइप केलं.

पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच माणसाचं नाव नव्हतं. पण बघतो कोण? साहेब मोबाइलवर बोलत होते. बोलता बोलताच ते म्हणाले, "छान, स्पीड चांगला आहे." सरांनी टाळ्या सुरू केल्या. बापाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तो आनंदाने म्हणाला, "जाय मंग भुसावळले."

मुलीला हवं ते मिळालं होतं. गप्प बसली असती तर सगळे हसत चहाला गेले असते. पण तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे माहं नाव नाही," ती म्हणाली. "मले नाही येत."

"घाबरली पोरगी," सर हसले.

बाप हसला नाही. त्याने मला विचारलं, "मॅडम, खरं काय आहे?"

सर डोळे वटारून माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं तर पोरीचं भुसावळ बुडणार होतं. तरी मी सांगितलं, की पोरगी खरं बोलतेय, तिला आम्ही वर्षभर चुकीच्या भिंतीवर शिकवलं आणि या यंत्राला तिने आज पहिल्यांदा हात लावला.

बापाने एकदा त्या फुलं वाहिलेल्या संगणकांकडे पाहिलं. मग पोरीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवत म्हणाला, "मंग तर हिले धाडाच लागीन. इथं ठेवून पोरगी शिकन काय?"